तात्यांचं लंगोटपुराण

“डायपर कशाला, सूनबाई? तुझ्या नवऱ्याचे लंगोट मीच धुवायचो. कृष्णेवर आपटायला लागलो की मगरी घाबरून पळायच्या!”

तात्यांचं ऐकून सुनेनं तान्ह्यासाठी सुती लंगोट शिवले. आज पहिलाच भरलेला लंगोट तिनं चिमटीत धरून त्यांच्यासमोर आणला.

“दाखवा ना, कसा धुवायचा? आई, खरंच तात्या धुवायचे?”

सासूबाईंनी तात्यांकडे एकदा पाहिलं. “हो गं. मी नुसते वाळत घालायचे.”

सगळे लंगोट जिनं धुतले, त्या बायकोनं उघडं पाडलं असतं, तर तात्यांनी आणखी एक थाप मारली असती. आता मात्र त्यांना मान वर करवेना. लंगोट घेऊन ते मोरीत जाऊन बसले.

“अगं, आधी काय करू?” त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

“आधी बाह्या वर करा.”