लिंबूटिंबू

ऋजुताने खांद्याने अशी धडक दिली, की समोरच्या संघातली तिची धाकटी बहीण शर्वरी कठड्यावर आदळून बर्फावर घसरत गेली. आइस हॉकीत धडक चालते, रागाने दिलेली चालत नाही. त्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शर्वरीचा हा पहिलाच सामना.

"अगं, सख्खी बहीण आहे तुझी," प्रेक्षकांतून आई ओरडली.

पंच कर्णिकबाईंनी नियमाप्रमाणे ऋजुताचं हेल्मेट मागून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर चढवलं. धडक देताना किंवा खाताना मनात जे असेल, ते हेल्मेटमध्ये साठत असे. राग सापडला, तर ऋजुता सामन्याबाहेर.

राग होता. पण तो शर्वरीवर नव्हता. ती समोर आली की वेग कमी करणाऱ्या बाकीच्या सगळ्यांवर होता. 'माझी बहीण लिंबूटिंबू नाहीये.'

बाई घुटमळल्या. मग त्यांनी शर्वरीचं हेल्मेट घातलं. बरगडीत सणसणीत कळ आली, आणि तिच्या पाठोपाठ एवढा आनंद, की बाईंना हसू आवरेना.

"धडक नियमात आहे," त्या म्हणाल्या.

खेळ सुरू झाला आणि लगेच ऋजुता कठड्यावर आदळली. या वेळी बाईंनी शर्वरीचं हेल्मेट मागितलं नाही.