आबांची कवळी

“वारा आहे मी, मालनबाई! वाऱ्याला आजवर कुणी बांधून ठेवलेलं नाही,” भानुदासनं जाहीर केलं आणि आबांची कवळी ब्रशनं घासायला घेतली.

जत्रांमध्ये आकाशपाळणे उभारत हिंडणारा हा वारा, जत्रा उठून महिना झाला तरी रोज मालनच्याच अंगणात वाहत होता. मालनला तो हवासा वाटायचा. पण अंथरुणाला खिळलेल्या बापासकट मला पत्करा, असं कुणालाही म्हणायचं नाही, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे दुपारी त्यानं पिशवी उचलली तेव्हा तिनं चटणी-भाकरी बांधून दिली आणि “उन्हाचं जपा” एवढंच म्हणाली.

संध्याकाळी आबांना भरवायची वेळ झाली, तर वाटीत कवळीच नाही. ती पलंगाखाली शोधत होती, तेवढ्यात दारात भानुदास उभा.

“तालुक्याला उतरलो, खिशात हात घातला, तर आबा हसतायत! चुकून आली बघा बरोबर.”

त्यानं कवळी पुढे केली. ओल्या रुमालात, चारी बाजूंनी नीट गुंडाळलेली. चुकून खिशात आलेली वस्तू इतकी जपून बांधलेली मालननं कधी पाहिली नव्हती.

“शेवटची गाडी आहे अजून,” तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला आणि पिशवी खाली ठेवली.

मालननं कोनाड्यातली धुतलेली चादर काढली.

“आलाच आहात तर आबांची चादर बदलायचीय,” ती म्हणाली. “त्या बाजूचं टोक धरा.”