मागं कोणी हाय का?

नांदगाव पेठच्या कापड गिरणीत खुशालराव बॅटरीच्या गाडीवरून तागे वाहायचे. गाडी रिव्हर्स घेण्याआधी ते ओरडायचे, "मागं कोणी हाय का?" मागून "कोणी नाई, येऊ द्या!" असं ऐकल्याशिवाय चाक हलवायचे नाहीत. पोरं हसायची, पण बारा वर्षांत त्यांच्या गाडीचा कोणाला धक्का लागला नव्हता.

सुरक्षा सप्ताहात ऑफिसातली पौर्णिमा सगळ्यांचे फॉर्म भरत होती. तिनं विचारलं, "काका, उद्या काई अपघात झाला तं कोणाले कळवाचं? तुमच्या मागं कोण हाय?"

सवयीनं खुशालरावांनी मान वळवून मागं पाहिलं.


"कोणी नाई," ते म्हणाले. "येऊ द्या."