खात्री करून

"खुर्ची मधे ओढा आणि तुम्ही बसा तिच्यावर," शिवकन्या म्हणाली. "आता तुम्ही फौजदार नाही. तुम्ही जळकोटकडची सोळा वर्षांची पोरगी."

सभागृहात हशा पिकला. लातूर-नांदेडच्या ठाण्यांतून प्रशिक्षणाला आलेले पोलीस जेवून सुस्तावले होते, त्यांना आयती करमणूक मिळाली. सहायक फौजदार माणिकप्पा मिशीतल्या मिशीत हसत उठला, पट्टा वर ओढला आणि पोट सांभाळत बसला. "बसलो की. पोरगी तर पोरगी."

त्याने तिला ओळखलं नव्हतं. तिने त्याला सकाळी हजेरीलाच ओळखलं होतं. मिशी पांढरी झाली होती, पण आवाज तोच, ठसक्यातला. याच माणसाने एके काळी हद्दीवरच्या एका ठाण्यात, ठाण्याचं नाव कशाला घ्या, तिला घालवून दिलं होतं. हैदराबादेत कामाला लावतो म्हणून मल्लेश नावाचा एक जण तिला गावातून घेऊन निघाला होता. वाटेत फोनवर तो तिच्या सौद्याचं बोलत होता, ते तिच्या कानावर पडलं. एस.टी. थांबली, समोर ठाणं दिसलं आणि ती जीव मुठीत धरून आत धावली. मागोमाग मल्लेश आला. माणिकप्पाने तिला त्याच्याच ताब्यात दिलं.

पुढे तिचं काय झालं ते इथे उगाळत नाही. सुटून आली, शिकली, एका संस्थेत लागली आणि अशा मुली ठाण्यात आल्या तर त्यांच्याशी कसं वागायचं, हे पोलिसांनाच शिकवू लागली. बाई किती तळमळीने शिकवते, असं लोक म्हणत. तळमळ कसली, आग होती ती. प्रत्येक सभागृहात शिरताना तिची नजर एकाच माणसाला शोधत असे.

आज तो सापडला होता. महिनाअखेर निवृत्त होणार होता, आणि आजूबाजूचे आतापासूनच त्याच्या हारतुऱ्यांचं बोलत होते. म्हणजे जे काय करायचं ते आजच. चिरीमिरी घेऊन पोरगी विकली, हे चारचौघांत त्याच्याच तोंडून काढायचं आणि मग आपण कोण ते सांगायचं. हार गळ्यात पडायच्या आत त्याची मान खाली गेली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

"तनुजा मॅडम, तुम्ही जबाब घ्या. मी पोरीला न्यायला आलेला माणूस." ती खुर्चीला खेटून उभी राहिली, माणिकप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटं रुतवली.

उपनिरीक्षक तनुजाने सुरुवात केली. "नाव काय गं? कुणासंग आलीस? घरून पळालीस का?" मागून कुणी ओरडलं, "लफडं हाय का इचारा!" पुन्हा हशा. माणिकप्पाही हसला. पण प्रश्न थांबेनात आणि खांद्यावरचा हात हलेना. त्याच्या कपाळावर घाम आला. शिवकन्येला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

"बोला की," ती वाकून म्हणाली. "दातखिळी बसली का पोरीची?"

"काय बोलावं मॅडम? माणूस असा बोकांडी बसल्यावर कोण बोलंल?"

हसणं थांबलं.

"म्हणून त्याला आधी बाहेर काढायचं," ती सगळ्यांना म्हणाली. "पोरीला पाणी द्यायचं, तिचं तिला सांगू द्यायचं. कुणी नातं सांगितलं म्हणून त्याच्या हाती पोर द्यायची नाही, बालकल्याण समितीपुढे न्यायची." मग ती माणिकप्पाकडे वळली. "तुम्ही दिली का हो कधी अशी एखादी?"

"दिली एक. पण खात्री करून."

"किती घेऊन केली खात्री?"

माणिकप्पा ताडकन उठला. "मॅडम, तोंड सांभाळा! नोकरीत लई चुका केल्या असतील. पण पोरीबाळीच्या पैशाला हात न्हाई लावला. मला बी लेकी हायत."

तो खोटं बोलत नव्हता. हे तिला कळलं आणि तिचा राग आणखीच भडकला. तिने त्याला पुन्हा खाली बसवलं. "मग कशी केली ते सांगा."

"तो म्हणला, मी पोरीचा मामा हाय. म्हणलं, तू म्हणशील आन् मी ऐकीन व्हय? तो माझ्या बाजूलाच उभा होता. मी पोरीकडं बघितलं. तर पोरगी समोरून हात जोडून नुसतं मामा, मामा करायली. 'मामा, मला घरी पोचवा, मामा.' आता पोरगीच म्हणायली म्हणल्यावर? आपल्याकडं मामा म्हणजे आईच्या जागी. दिली त्याच्या ताब्यात. जाताना बी दारातून मागं वळू वळू मामा, मामाच करत गेली बिचारी."

शिवकन्येचा हात त्याच्या खांद्यावरून निघाला. इतकी वर्षं घोटून ठेवलेल्या शिव्यांतली एकही तिला आठवेना. ती पुढे येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. प्रशिक्षणासाठी कमावलेली भाषा गळून पडली आणि गावची बोली तोंडात आली.

"त्याला न्हाई, मामा," ती म्हणाली. "मी तुम्हाला म्हणायले होते."