कूर्ग की चिकमगळूर?

"वास घे आणि सांग, कुठली घ्यायची," नटराजन अण्णा म्हणाले आणि त्यांनी दोन वाट्या धोंडिरामपुढे सरकवल्या.

एकीत कूर्गच्या दाण्यांची कॉफी, दुसरीत चिकमगळूरच्या. धोंडिरामनेच सकाळी दोन्ही भाजल्या, दळल्या, वर उकळतं पाणी ओतलं. दलाल बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसला होता. त्याला बाराच्या आत उत्तर हवं होतं. चाळीस पोती एकदम उचलायची होती. माल चुकला तर घाटकोपरपासून ठाण्यापर्यंतची हॉटेलं दुसरं दुकान बघणार, आणि धोंडिरामला घरची वाट धरावी लागणार.

अण्णांच्या मुलुंडच्या ह्या कॉफीच्या दुकानात तो एकोणीस वर्षं भट्टीवर होता. धोंडिरामचं नाक म्हणजे सोनं, असं गिऱ्हाइकं म्हणायची. ते सोनं एकोणसत्तर सालच्या तापात गेलं. ताप उतरला, वास काही परत आला नाही. आता त्याला तीन वर्षं झाली. दाणे करपले तर धूर दिसल्यावरच त्याला कळे. हे फक्त त्याच्या बायकोला, मालनला ठाऊक होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणे. "पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार? गप ऱ्हावा."

मूठ झाकायची युक्ती त्याला सापडली होती. नवा माल आला की तो आणि अण्णा एकदमच वाटीवर वाकत. वाकल्या वाकल्या धोंडिराम हळूच वर बघे. चांगल्या मालाला अण्णांची डावी भुवई जराशी हले. मग तीच वाटी तो पुढे करी. त्या वेळी अण्णा त्याच्याकडे इतकं रोखून बघत, की आपण पकडलो गेलो, असंच त्याला वाटे. पण निभावलं होतं. तीन वर्षांत एकाही हॉटेलवाल्याची तक्रार नव्हती.

आज मात्र पंचाईत होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन अण्णांना आठवडाच झाला होता. डोळ्यांवर असा मोठा काळा चष्मा, की भुवया त्याच्यामागे गडप.

"अण्णा, तुम्ही पण बघा ना," धोंडिराम म्हणाला.

"मला कुठे नीट दिसतंय रे? आज तू तोंडाने सांग."

तो पहिल्या वाटीवर वाकला. मग दुसऱ्या. नाकाला नुसती ऊन वाफ लागली. कुठलंही एक नाव ठोकून द्यावं, असं मनात आलं. लागलं तर लागलं. पण ज्या माणसाने त्याच्या लेकीच्या लग्नात स्वतः उभं राहून पंगत वाढली होती, त्याचं दुकान असं जुगारावर लावायला जीभ रेटेना. आणि खरं म्हणजे तो थकला होता. रोजच्या खोट्याने माणूस भट्टीपेक्षा जास्त भाजतो.

"अण्णा, मला वासच येत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. तुमच्या भुवया बघून सांगत होतो. आता काढून टाका नायतर ठेवा."

हाताने चाचपत अण्णांनी स्टूल शोधलं आणि ते त्यावर बसले. बाहेरून दलालाने हाक मारली, "अण्णा, ठरलं का?"

"थांब जरा," अण्णा ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "धोंडिराम, माझा वास पाच वर्षांपूर्वीच गेला. मी तुझ्या तोंडाकडे बघून माल घेत होतो."