द्राक्षांच्या खोलीतला समुद्र

वाटीत चमचा खणकला. दुपारपासून तापानं अंथरुणावर असलेल्या लेकीनं, पायलनं, पेज संपवली होती. मीनानं तिच्या कपाळाला हात लावला. ताप उतरत होता.

तेवढ्यात फोन वाजला. शीतगृहाचा रखवालदार मोतीराम बोलत होता.

"बाई, टाकी धुतली. नवं पाणी भरलं. पुढं काय करू?"

द्राक्षांचा हंगाम सुरू होईपर्यंत तिथली एक खोली मीनाला मिळाली होती. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावर बर्फ कसा धरतो, ते टाकीत करून बघायचं होतं. दोनदा तिनं स्वतः खारं पाणी तयार केलं. दोन्ही वेळा ते गोठलंच नाही. गोव्याच्या संशोधन संस्थेतल्या तिच्या सरांनी सरळ सांगितलं होतं, शनिवारपर्यंत बर्फ धरला तर काम नाशिकला. नाहीतर दोन वर्षं तुम्ही इकडे. आणि पायल तर आत्ता कुठं चार वर्षांची झाली होती.

सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या. दिवेलागणीला या घरात कुणी मीठ म्हणत नसे, गोड म्हणत. मीनाच्या जिभेला आता तेच वळण पडलं होतं.

"वाण्याकडून सात किलो गोड आणा," ती म्हणाली. "टाकीत ओता, पार विरघळेपर्यंत ढवळा. मग मशीन चालू करा."

"सात किलो? बाई, एवढ्यात गावजेवण उठंल."

"उठू द्या. आपल्याला समुद्र करायचाय, मोतीरामभाऊ."

"म्या हरसूलचा माणूस. समुद्र कुठं पाह्यलाय म्या? तुम्ही म्हणाल तसं."

शुक्रवारी सकाळी पुन्हा त्याचाच फोन. "बाई, धरला! रातीतून धरला!"

पायलचा ताप गेला होता, पण ती पदर सोडेना. मीनानं तिला दोन स्वेटर चढवले, कानटोपी बांधली आणि रिक्षात बसवलं.

टाकीवर पांढरी साय धरावी तसा बर्फ पसरला होता. मीनानं तळहात टेकवला. गारवा कोपरापर्यंत चढला, तरी तिला हात काढवेना. तिथूनच तिनं सरांना मोबाइल लावला.

"सर, गोठलं. चांगला बोटभर जाड."

"अहो, मग कशाला येताय गोव्याला? खोली ठेवा. मी आत्ताच वर कळवतो. अभिनंदन!"

मोतीराम मिशीत हसत होता. "आता द्राक्षवाले बोंबलतील."

"बोंबलू देत," मीना म्हणाली आणि तिनं पायलला उचलून घेतलं.

"म्हणजे तू नाही ना जाणार?"

"नाही गं माझ्या राणी. कुठ्ठं नाही."

मोतीरामनं कडेचा एक तुकडा मोडून पायलच्या हातात दिला. मीना नको म्हणेपर्यंत तो तोंडात गेलासुद्धा. पायलनं तो या गालातून त्या गालात फिरवला, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आई, समुद्र गोड असतो?"