आतली कडी

नवं घर बांधल्यावर प्रशांतकुमारनं रीतीप्रमाणे दारावर बायकोच्या नावाची पाटी बसवली होती: 'शैलश्री निलय'. पाटीखालीच गांधीलमाश्यांनी पोळं केलं आणि उद्या पोरीला बघायला पाहुणे येणार होते. "अवो, जाणत्या माणसाला बोलवा की," शैलश्री म्हणाली. "एवढ्याला माणूस कामून? तू शिडी धर." त्यानं काठीला डिझेलच्या चिंध्या गुंडाळून पेटवल्या आणि भर दुपारी पोळ्याला लावल्या. माश्या उठल्या तसा तो शिडीवरून उडी टाकून आत पळाला. शैलश्री उंबऱ्याशी पोचली, तेवढ्यात आतून कडी लागली. ती दार बडवत राहिली. शेजारणीनं गोधडी टाकून तिला ओढत नेलं. संध्याकाळी दवाखान्यात तो शहाळं घेऊन आला. सुजेनं डोळे मिटलेल्या शैलश्रीनं विचारलं, "हाका ऐकू आल्या न्हाईत व्हय?" "आल्या की. कडी काढली असती, तर माश्या घरात शिरल्या असत्या."